फायबरच्या शेडमध्ये नॅनो सेल्युलोज : आमची वाटचाल

कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीत फायबरग्लासच्या वस्तू बनवणारी आमची शेड सुरू झाली तेव्हा कामं ठरलेली होती. बसचे बंपर, पंपांची कव्हरं, साखर कारखान्यांच्या कूलिंग टॉवरचे लूव्हर (हवा आत घेणाऱ्या तिरक्या पट्ट्या). पॉलिस्टर रेझिन (सेट होऊन कडक होणारा द्रव), ग्लास मॅट (काचेच्या धाग्यांची चटई), रोलर आणि हाताला वळण असलेले कारागीर, एवढ्यावर धंदा उभा राहिला. नफा तेव्हाही रेझिनच्या भावावर हलायचा, आजही हलतो.

डोकेदुखी एकच, कोपऱ्यांवरच्या चिरा. मॅटमध्ये ताकद भरपूर असते, पण दोन थरांच्या मध्ये नुसतं रेझिन, आणि सेट झालेलं पॉलिस्टर ठिसूळ. गिऱ्हाईक म्हणतं, ‘अजून एक लेअर मारा.’ मारला की वजन वाढतं, पैसेही.

नॅनो सेल्युलोजकडे, म्हणजे कापूस-लाकडातून सुट्या केलेल्या अतिसूक्ष्म धाग्याकडे, वळलो ते यासाठी. काचेचा धागा दहा-पंधरा मायक्रॉनचा. हा त्याच्या शेकडो पटींनी बारीक, म्हणजे काच जिथे पोचत नाही तिथे हा पोचतो. सेल्युलोजच्या स्फटिकाचा ताठपणा काचेच्या जवळपास दुप्पट, घनता मात्र 1.5; काचेची 2.5. जपानच्या इसोगाई, साइतो आणि निशियामा या संशोधकांना तो कमी विजेत सुटा करण्याच्या पद्धतीसाठी 2015 साली वॉलेनबर्ग पुरस्कार मिळाला. आपल्याकडे मुंबईत माटुंग्याच्या सिरकॉट या केंद्रीय कापूस तंत्रज्ञान संशोधन संस्थेत कापसापासून नॅनो सेल्युलोज काढण्याचा पथदर्शी प्रकल्प आहे.

कागदावर सगळं छान. पण माल येतो तो पाण्यातल्या पांढऱ्या लगद्यासारखा, त्यात धागा शेकड्याला दोन-तीनच, बाकी पाणी. आणि पाणी हा पॉलिस्टरचा वैरी. रेझिन सेट करणारे कोबाल्ट आणि हार्डनर घालूनही ते नीट जेल होत नाही, पीस धुरकट दिसतो. वाळवून घालावं तर धागे एकमेकांना असे चिकटतात की पुन्हा सुटत नाहीत. मग तो नॅनो राहतच नाही, रेझिनमध्ये नुसत्या गुठळ्या होतात.

उपाय शेडमध्येच होता. ब्रश धुवायला ॲसिटोन सगळ्याच फायबरवाल्यांकडे असतं. लगदा कापडातून पिळायचा, ॲसिटोनमध्ये घोळायचा, पुन्हा पिळायचा. पाणी निघेपर्यंत हेच. मग सायलेन (धागा आणि रेझिन यांना जोडणारं रसायन) लावून तो ओला गोळा रेझिनमध्ये, आणि छपाईच्या शाईवाल्यांकडून जुन्यात घेतलेल्या तीन रोलरच्या मिलमधून फिरवायचा. शेवटी व्हॅक्यूमखाली ॲसिटोन ओढून काढायचं. थोडं जरी राहिलं तरी पीसमध्ये बारीक फोड येतात. ॲसिटोन चटकन पेट घेतं, म्हणून ही खोली वेगळी, मोटर फ्लेमप्रूफ. त्यावर खर्च करताना हात आखडला नाही.

रेझिनमध्ये या धाग्याचं प्रमाण एका टक्क्याच्या आतच. त्याहून वर गेलं की रेझिन श्रीखंडासारखं घट्ट होतं आणि मॅट भिजत नाही. एक फायदा आम्ही धरलाच नव्हता : उभ्या मोल्डवरून रेझिन ओघळणं कमी झालं. आमचे जुने मिस्त्री सायलेन-बियलेनला हसायचे; हे बघून त्यांनीच ते मिश्रण मागायला सुरुवात केली.

काचेची जागा हा धागा घेत नाही, हे गिऱ्हाइकाला आधीच सांगतो. ‘ग्रीन’चं लेबल लावा म्हणणारे भेटतात, रेझिन पेट्रोलियमचंच आहे, त्यामुळे ते लावत नाही. ताण सोसणाऱ्या कोपऱ्यांपुरताच हा थर देतो, साध्या कव्हरला तो परवडत नाही.

कोल्हापुरात बसून बगॅसपासून, म्हणजे उसाच्या चोथ्यापासून, धागा का काढत नाही, असं सगळे विचारतात. बगॅस आता फुकट मिळत नाही, कारखाने ते बॉयलरला घालून वीज करतात. शिवाय त्यातलं लिग्निन (धागे चिकटवून ठेवणारा घटक) काढायचं म्हणजे कॉस्टिक, ब्लीचिंग आणि त्याचं सांडपाणी आलं. तेवढा पसारा आमच्या शेडला झेपणारा नाही, म्हणून धागा आम्ही विकतच घेतो.