नागपूरची पहिली धार

मे महिन्यात नागपूरला जाणारा माणूस एक तर लग्नाला जातो, नाहीतर वेडा असतो. मी मोहाची भट्टी बघायला गेलो. परवान्याची, बरं का! वर्धा रोडवर, बुटीबोरीच्या अलीकडे, ओळखीतून सापडलेला छोटा कारखाना. याच रस्त्याने पुढे वर्धा जिल्हा लागतो, तिथे कित्येक वर्षांपासून दारूबंदी.

पहाटे चारलाच बोलावलं होतं, पाण्यामुळे. दुपारी टाकीतलं पाणी इतकं तापतं की कंडेन्सरमध्ये वाफ नीट थंड होत नाही, आणि ती शेडमध्ये पसरली की एक ठिणगी पुरते.

तांब्याच्या हंड्यात दोनशे लिटर सडवा, म्हणजे मोहफुलं आंबवलेलं पाणी होतं, फुलं गाळून काढलेलं. चोथा राहिला तर बुडाशी लागतो आणि तो करपट वास शेवटपर्यंत जात नाही. हंडा पाऊणच भरलेला. वरची जागा फेसाची.

दीड तासाने नळीच्या तोंडाशी एक थेंब आला आणि तिथेच लोंबकळत राहिला. मग टपटप, मग पेन्सिलएवढी धार. मी हरखून म्हणालो, "पहिल्या धारेची!"

"थांबा भाऊ, हुंगून तं पाहा," भट्टीवरचे काका म्हणाले. नेलपॉलिश रिमूव्हरचा भपकारा! गावोगाव जिची फुशारकी मारतात ती ही.

ही फेरी म्हणजे स्ट्रिपिंग रन. इथे निवडानिवड नाही. आच मोठी ठेवायची आणि सडव्यातलं जेमतेम नऊ टक्के अल्कोहोल पाण्यातून ओढून काढायचं. शुद्ध अल्कोहोल ७८ अंशांना उकळतं, पण हा पाणीदार सडवा नव्वदी ओलांडल्यावरच हलतो. धारेतलं अल्कोहोल पन्नास टक्क्यांच्या वर सुरू होऊन उतरत जातं. सुरुवातीचं आणि शेवटचं वेगळं काढायचं ते दुसऱ्या, संथ फेरीत.

शेवटी साठ लिटर जमलं, पांढुरकं. मी हायड्रोमीटर, म्हणजे अल्कोहोल मोजायची मापी, वाचला: ३४ टक्के. काकांनी थर्मामीटर बुडवला, ३६ अंश. मापी २० अंशांना जुळवलेली, गरम द्रवात ती जास्त दाखवते. तक्ता पाहून त्यांनी वहीत २८ लिहिलं. बोट बुडवून चाखलं, तर ओल्या गोणपाटाची चव.

साडेनऊला तर्री पोहे आले. "दुसरी फेरी परवा हाय, थांबता का?" काकांनी विचारलं. माझं तिकीट त्याच संध्याकाळचं होतं.