पेन्सिलीने लिहिलेल्या तारखा

आमच्या स्वयंपाकघरात भिंतीवर कालनिर्णय असायचं आणि त्याच्याच खिळ्याला दोऱ्याने बांधलेली एक पेन्सिल. दुधाचे खाडे, गॅसचा नंबर, इस्त्रीला गेलेले कपडे, हे सगळं आईचं खातं. बाबांचं वेगळं. दर एक जानेवारीला ते जुनं आणि नवं कालनिर्णय शेजारी शेजारी टेबलावर पसरायचे, चष्मा कपाळावर चढवायचे आणि बारीक अक्षरांत काहीतरी इकडून तिकडे उतरवून घ्यायचे. लहानपणी मला वाटायचं, विम्याचे हप्ते असतील. जरा मोठी झाल्यावर वाचलं. जानेवारी, १२ तारखेच्या चौकोनात: ‘कुमारजी, ९२’.

कुमारजी म्हणजे कुमार गंधर्व. ती सगळी गेलेल्या गवयांची यादी होती. आमच्या घरी आजोबांचं श्राद्ध आई लक्षात ठेवायची. बाबा लक्षात ठेवायचे ते यांचं.

जानेवारी महिना तर फार वाईट. ४ ला पंचम, म्हणजे आर. डी. बर्मन, १२ ला कुमारजी, २४ ला अण्णा. अण्णा म्हणजे भीमसेन जोशी, हे पुण्यात सांगावं लागत नाही. मग २०२४ उजाडलं आणि एकाच आठवड्यात ९ ला रशीद खान, १३ ला प्रभाताई अत्रे. प्रभाताईंचं वय ९१ होतं, तिथे मन तयार तरी असतं. रशीद खान पंचावन्नचे. बाबा पेन्सिल हातात धरून बराच वेळ नुसते उभे होते. शेवटी म्हणाले, “दुधाचं कुठे लिहिणार आता तुझी आई?”

१२ सप्टेंबरच्या चौकोनात दोन नावं असायची, सवाई गंधर्व ५२ आणि मल्लिकार्जुन मन्सूर ९२. एकाच तारखेला, बरोबर चाळीस वर्षांच्या अंतराने. दत्तात्रेय विष्णू पलुस्कर मात्र तारखेवर नसायचे. ते १९५५ साली दसऱ्याच्या दिवशी गेले, अवघे चौतीस वर्षांचे, म्हणून बाबा त्यांना दसऱ्यालाच धरायचे. आपट्याची पानं वाटायच्या आधी त्यांचं एक भजन लागायचं. पाहुणे सोनं घेऊन दारात ताटकळले तरी अंतरा पुरा झाल्याशिवाय दार उघडायचं नाही.

गाणाऱ्यांशी आपण नाती किती पटकन जोडतो बघा. अण्णा, ताई, दीदी, बुवा. ज्यांच्याशी जन्मात एक शब्द बोललो नाही त्यांना घरातली हाक. शिवाय त्यांच्यासाठी व्याकरणही निराळं. “अण्णा गातायत, मिक्सर बंद कर,” असं आमच्याकडे काल-परवापर्यंत म्हटलं जायचं. अण्णांना जाऊन पंधरा वर्षं झाली तरी क्रियापद काही भूतकाळात जायला तयार नाही. मोठ्या काकांबद्दल आम्ही “होते” म्हणायला पहिल्या महिन्यात शिकलो होतो.

पुण्यात तर पुण्यतिथीचाच उत्सव झाला. सवाई गंधर्व १९५२ मध्ये गेले आणि पुढच्याच वर्षी शिष्यांनी त्यांच्या स्मरणार्थ गाणं सुरू केलं. जुनी माणसं अजूनही “यंदा पुण्यतिथीला कोण कोण आहे?” असंच विचारतात. बाहेरगावचा माणूस दचकतो. कोणाच्या तरी घरी विधी असावा तसा प्रश्न, आणि उत्तरात बासरी, सतार, दोन ख्याल गाणारे आणि रविवारी कोण संपवणार याबद्दलची भांडणं. पन्नासहून अधिक वर्षं भीमसेनांनी गुरूची ही पुण्यतिथी सांभाळली, आणि २०११ मध्ये ते गेल्यावर महोत्सवाच्या नावात तेही जाऊन बसले. रमणबागेत शालीत गुरफटून, सतरंजीवर पाय आखडून बसलेल्या बाबांच्या मांडीवर मी कितीतरी दिग्गजांच्या गाण्यात झोपलेली आहे. हे मी अभिमानाने सांगते. आमच्यात तोही एक दाखला धरतात. शेवटी सवाई गंधर्वांची भैरवीतली जुनी ध्वनिमुद्रिका लागायची तेव्हा मात्र बाबा मला हलवून उठवायचे. जिवंत माणसांच्या गाण्यात झोपलेलं चालायचं.

१५ डिसेंबर २०२४. रविवारची रात्र. झाकीर हुसेन गेल्याची बातमी आली, बाबांनी चौकोनात लिहिलं. थोड्या वेळाने घरच्यांकडून आलं की नाही, अजून आहेत, प्रार्थना करा. बाबांनी माझ्या मुलीच्या कंपासमधला खोडरबर मागून घेतला, लिहिलेलं खोडलं आणि त्या आनंदात फ्रिजमधला गाजरहलवा थंडच खाल्ला. सकाळी बातमी खरी ठरली. पुन्हा लिहिलं. पण खोडल्यामुळे तिथला कागद विरला होता, पेन्सिल टेकवली तशी आरपार गेली. ते पान मी जपून ठेवलं आहे. भोकातून पलीकडची रेसिपी दिसते.

आता कॅसेटबद्दल. त्याच पेन्सिलीने बाबा कॅसेटची सैल पडलेली टेप गुंडाळायचे, षटकोनी पेन्सिल चाकात कशी फिट्ट बसते ते आमच्या पिढीला सांगायला नको. ही कॅसेट काकांच्या दिवाणखान्यातल्या मैफलीची. काका म्हणजे बाबांचे शाळेपासूनचे मित्र. अण्णांचा राग शुद्ध कल्याण. नव्वद मिनिटांची कॅसेट, म्हणजे एका बाजूला पंचेचाळीस. चव्वेचाळिसाव्या मिनिटाला एक तान सुरू होते, वर चढते, आणि ती समेवर येता येता कोणीतरी “आहा!” म्हणतं. खरखरीत, अर्धवट, जणू नको असताना तोंडून सुटलेलं. लगेच बाजू संपते. पुढची तान कॅसेट उलटताना गेली. ती कशी होती याचं वर्णन दोघंही तीस वर्षं करत होते आणि प्रत्येक वर्णनात ती लांबत चालली होती.

पण खरं भांडण त्या “आहा”वरून. बाबांचं म्हणणं, तो माझा. काकांचं म्हणणं, मूर्खा, माझ्या घरात माझा आवाज मला ओळखू येणार नाही? अण्णांच्या गाण्याचं काय व्हायचं ते होवो, त्यात आपला एक स्वर लागलाय, यावर दोघांचाही हक्क होता. काका करोनाच्या सालात गेले. त्यानंतर बाबांनी हक्क सांगायचं सोडून दिलं. “असेल त्याचा,” म्हणायचे.

गेल्या वर्षी बाबाही गेले. दिवाळीत भाच्याने प्रेमाने ती कॅसेट संगणकावर उतरवून दिली. “मावशी, सगळा कचरा काढलाय, ऐक किती स्वच्छ आलंय!” खरंच स्वच्छ होतं. तंबोरे काचेसारखे. खोकला नाही, कपबशांचा आवाज नाही, आणि चव्वेचाळिसाव्या मिनिटाला तान समेवर येते आणि कोणीही काही म्हणत नाही. मी त्याला म्हटलं, “बाळा, कचरा परत दे.” त्याला वाटलं मी रागावले. पण मुलगा गुणी, जुनी प्रत त्याने ठेवली होती.

यंदाच्या २४ जानेवारीला ती लावली. आई समोर मटार सोलत बसली होती. गाण्यातलं आपल्याला काही कळत नाही, असं ती आयुष्यभर म्हणत आली आहे. “आहा” आला. मी आपली सहज म्हटलं, “हा बाबांचाच गं.”

“छे,” आई म्हणाली. “ते दोघं तेव्हा मागच्या पडवीत कप विसळत होते. मीच पाठवलं होतं. मध्यंतराचा चहा व्हायचा होता ना.”

मी बघतच राहिले. “मग इतकी वर्षं बोलली का नाहीस?”

“मला कोणी विचारलं?”

“मग हा आहे कोणाचा?”

“असेल कोणाचा तरी. पन्नास माणसं होती.” तिने एक शेंग सोलली, दाणे वाटीत टाकले आणि मान वर न करता म्हणाली, “थोडं मागे घे. परत लाव.”