आवरलेलं टेबल

"आत्ता नेमकं चालतंय बघा! सकाळपासून नुसतं गोल गोल फिरत होतं."

घरोघरी जाऊन नेट दुरुस्त करणाऱ्याला हे वाक्य पाठ असतं. दुखरा दात डॉक्टरांच्या दारात दुखायचा थांबतो, त्यातलाच हा प्रकार. पण एका काकूंच्या घरी मला हे वाक्य लागोपाठ दोन खेपांना ऐकावं लागलं, आणि दोन्ही वेळा दोष सापडल्याच्या थाटात मी परत आलो.

काकू घरून अनुवादाचं काम करतात. तक्रार साधीच होती. फोनवर वाय-फाय पळतं, लॅपटॉपवर रडतखडत चालतं. राउटर पुढच्या खोलीत, टेबल आतल्या खोलीत, मध्ये एकच भिंत. आधी लॅपटॉपला थेट केबल जोडून पाहिली: ९४ एमबीपीएस. १०० एमबीपीएसच्या पोर्टातून साधारण एवढंच हाती लागतं, म्हणजे बाहेरून येणारी लाइन ठणठणीत होती. वाय-फायचे नेहमीचे पट्टे दोन, हळू २.४ गिगाहर्ट्झचा आणि जलद ५ चा. लॅपटॉप जुना, त्याचं वाय-फाय कार्ड फक्त २.४ गिगाहर्ट्झवालं, फोन ५ वर चालत होता. दोघांतला फरक निम्मा तरी इथेच कळला असं मला वाटलं. त्यात राउटर चॅनल ३ वर (चॅनल म्हणजे पट्ट्यातली एकेक गल्ली), आणि शेजारची दोन नेटवर्क १ आणि ६ वर. २.४ मध्ये चॅनल एकमेकांवर चढलेले असतात. १, ६ आणि ११ हे तीनच एकमेकांच्या वाटेला जात नाहीत. ३ वर बसलेल्याला दोन्ही बाजूंनी धक्के. मी राउटर ११ वर टाकला आणि स्पीड टेस्ट लावली. ४२. एवढ्या जुन्या कार्डाकडून याहून जास्त मागणं बरं नव्हे.

निघताना काकू म्हणाल्या, "माऊससुद्धा मधूनच अडखळतो रे."

"सेल संपत आले असतील. बदलून टाका," मी बूट घालता घालता म्हणालो. या वाक्याची मला अजून लाज वाटते.

दोन दिवसांनी फोन. पुन्हा तेच. पुन्हा गेलो, तर ४० च्या वर स्पीड. हाताशी काहीतरी करायला हवं म्हणून वाय-फायचा ड्रायव्हर, म्हणजे कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर, नवा केला, वीज वाचवण्यासाठी कार्डाला झोपवणारी सेटिंग बंद केली. दोन्ही गोष्टी चुकीच्या नव्हेत, पण खरं सांगायचं तर तो अंधारात मारलेला दगड होता. गिऱ्हाइकासमोर हात हलवत राहिलं की काम केल्यासारखं दिसतं.

तिसऱ्यांदा फोन आला तेव्हा मी दुसऱ्याच कामात अडकलो होतो. म्हटलं, "काकू, मी लगेच येऊ शकत नाही. आहात तिथेच बसा आणि स्पीड टेस्ट लावून मला आकडे वाचून दाखवा."

"डाउनलोड ३. अपलोड ३८."

मी दोनदा विचारून खात्री करून घेतली. राउटर लांब असेल, भिंत जाड असेल, तर दोन्ही दिशांना मार बसतो. इथे लॅपटॉपचं बोलणं राउटरला नीट पोचत होतं, पण राउटरचं लॅपटॉपला ऐकू येत नव्हतं. मग विंडोजच्या काळ्या खिडकीत त्यांच्याकडून एकेक अक्षर सांगत एक कमांड लिहून घेतली. अनुवादकाला स्पेलिंग सांगायचं हा एक फायदा, एकही अक्षर चुकलं नाही. सिग्नल ९१ टक्के. पाठवण्याचा वेग ७२, घेण्याचा ६.५.

सिग्नलच्या त्या दांड्या, टक्के, सगळं फक्त राउटरचा आवाज किती मोठा येतोय एवढंच सांगतं. कानाशी दुसरं कोणी ढोल बडवत असेल तर ते त्यात दिसत नाही. मी दोन्ही खेपांना दांड्याच पाहत बसलो होतो, आणि तेही ढोल बंद असताना.

"काकू, टेबलावर आत्ता काय काय आहे?"

"काय असणार, पसारा! तू येणार असलास की आवरून ठेवते, एरवी बघवणार नाही तुला."

मी फोन घट्ट धरला. "सांगा ना, एकेक वस्तू सांगा."

दोन शब्दकोश, दिवा, चष्म्याचं घर, कागदांचे गठ्ठे. "आणि ती डिस्क, स्कॅन ठेवायची. लॅपटॉपला अगदी खेटून असते, वायरच एवढीशी आहे तिची."

"जिथे खुपसलीय तिथे आत निळा रंग दिसतो?"

"हो, निळाच आहे."

निळं म्हणजे बहुधा यूएसबी ३. तिच्यातून माहिती ५ गिगाबिटच्या वेगाने धावते, आणि त्या धावपळीचा रेडिओ गोंगाट नेमका २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात सांडतो. इंटेलने २०१२ मध्येच यावर एक टिपण काढलं होतं. त्यात बिनतारी माऊसवर होणारा परिणामही तपासला होता. माऊसचा तो इवलासा रिसीव्हरही २.४ वरच ऐकतो ना! काकूंनी पहिल्याच दिवशी मला उत्तर दिलं होतं. मी सेल बदलायला सांगितलं.

"डिस्क काढा आणि पुन्हा टेस्ट लावा."

"थांब, सुरक्षित काढू का विचारतोय हा." मग शांतता. मग, "अगं बाई! ४१!"

पुन्हा लावायला सांगितली. ३. पुन्हा काढली. ४१. तिसऱ्यांदा काकूंनी आपल्या हौसेनेच करून पाहिलं.

संध्याकाळी मी गेलोच. जाण्याआधी बजावलं होतं की एक कागदही हलवायचा नाही. डिस्कला मीटरभर लांब, चांगल्या शिल्डिंगची, म्हणजे गोंगाट बाहेर सांडू न देणाऱ्या आवरणाची, केबल लावली आणि ती टेबलाच्या दुसऱ्या टोकाला नेली. माऊसचा रिसीव्हर छोट्या एक्स्टेन्शनवर चढवून डिस्कपासून लांब आणला. यूएसबी २ चं पोर्ट वापरलं असतं तर हा गोंगाट उरलाच नसता, पण स्कॅन चढायला तासन्‌तास लागले असते. ते काकूंना मान्य नव्हतं. डिस्क चालू ठेवून टेस्ट: ३७. पुढेमागे ५ गिगाहर्ट्झचा अ‍ॅडॉप्टर लावला की हेही रडगाणं संपेल, असं सांगून मी सामान आवरायला लागलो.

काकूंनी खण उघडला. आत सेलची न फोडलेली चार पाकिटं.

"आणि यांचं आता काय करू, ते सांग."