वाफसा आलेला ट्रॅक

अमेरिकेतल्या आयोवा राज्यात, नॉक्सव्हिलला मातीच्या ट्रॅकवरच्या मोटार शर्यती बघायला पहिल्यांदा गेले, तेव्हा गाड्यांआधी नजरेत भरली ती माती. काळीभोर, अगदी आमच्या शिरोळच्या मळीच्या जमिनीसारखी. टँकर नुकताच पाणी मारून गेला होता. वळणाजवळ एक ड्रायव्हर वाकला, चिमूटभर नव्हे, चांगली मूठभर माती उचलली, दाबून गोळा केला आणि अंगठ्याने मोडला. मग हात पँटला पुसत मागे वळून मान हलवली. माझे आजोबा पेरणीआधी नेमकं हेच करायचे. गोळा वळला पाहिजे, पण हाताला चिकटता कामा नये. त्याला आपण वाफसा म्हणतो. इथली माणसं ‘टॅकी’ म्हणतात. शब्द वेगळा, पण परीक्षा तीच.

आयोवात येऊन मला आता नऊ वर्षं झाली. डे मॉइनपासून नॉक्सव्हिल तासाभराच्या आत. साडेसात हजार वस्तीचं गाव, आणि त्याच्या ट्रॅकवर बसायला वीस हजारांहून जास्त जागा! ट्रॅक आहे जत्रेच्या मैदानात. अमेरिकेत असे मातीचे कितीतरी ट्रॅक तालुक्याच्या जत्रेच्या मैदानातच आहेत, कारण आधी तिथे घोडे पळायचे. म्हणून अर्ध्या मैलाचं ते लंबवर्तुळ. पुढे घोड्यांच्या जागी मोटारी आल्या, जत्रा तशीच राहिली. ‘नॉक्सव्हिल नॅशनल्स’ ही मोठी स्पर्धा १९६१ पासून ऑगस्टमध्ये भरते. स्टीव्ह किन्सर नावाच्या ड्रायव्हरने ती बारा वेळा जिंकली. ट्रॅकला लागूनच स्प्रिंट कारचं संग्रहालय आहे. नॅशनल्सच्या दिवसांत गावात पाय ठेवायला जागा नसते, पण माझं मन रमतं ते साध्या शनिवारी.

इथे पळते ती स्प्रिंट कार म्हणजे काय, ते एकदा जवळून बघायला हवं. तिला स्टार्टर नाही, बॅटरी नाही, क्लच नाही. मागून पिकअप गाडी ढकलत नेते आणि इंजिन पेटतं, आपल्याकडे धक्का मारून जीप चालू करतात तसं. साधारण नऊशे अश्वशक्ती आणि वजन ड्रायव्हरसकट साडेसहाशे किलोच्या आसपास. इंधन मेथेनॉल. त्याची ज्योत उन्हात दिसत नाही, म्हणून पिटमध्ये, म्हणजे गाड्या तयार करायच्या जागेत, त्याच्याभोवती सगळे फार जपून वावरतात. उजवं मागचं चाक डाव्यापेक्षा मोठं, त्यामुळे गाडी मुळातच डावीकडे ओढ घेते. शर्यत डावीकडेच वळत असल्याने तीच तिची ताकद. ड्रायव्हर वळणावर गाडी आडवी टाकतो, पुढची चाकं उजवीकडे फिरवतो आणि ॲक्सिलरेटर सोडत नाही. डोक्यावरचा पत्र्याचा मोठा पंख तिला जमिनीवर दाबून धरतो.

पण खरी शर्यत मातीशी असते, असं मला आता मनापासून वाटतं. संध्याकाळी ट्रॅक ओला, जड असतो. गाड्याच फिरून फिरून तो दाबून घट्ट करतात. पहिल्या फेऱ्यांना वाफसा असतो, चाकं धरून पळतात. रात्र चढते तशी ओल उडते. आतली वाट घासून घासून काळ्या फरशीसारखी चकाकू लागते आणि सुटी झालेली माती बाहेरच्या कडेला जमून बांध तयार होतो. ते त्याला कुशन म्हणतात. मला बांधच दिसतो. धीट ड्रायव्हर उजवं मागचं चाक त्या बांधाला टेकवून वळण घेतो. चाक बांधाच्या आत राहिलं तर गाडी घसरते, बांधावर चढलं तर उलटते. मधली जागा वीतभर.

हे सगळं करणारी माणसं आठवडाभर काय करतात? शेती, वेल्डिंग, ट्रक दुरुस्ती. आयोवातलीच मोटार शर्यतींची एक जुनी संघटना आहे, आय.एम.सी.ए., १९१५ सालची. तिने १९७९ साली सामान्य माणसाच्या खिशाला झेपेल असा ‘मॉडिफाइड’ गाड्यांचा वर्ग सुरू केला. त्यातला एक नियम ऐकला आणि मी त्या नियमाच्या प्रेमातच पडले: शर्यत संपल्यावर ठरलेली रक्कम मोजून मागचा ड्रायव्हर पुढच्याचं इंजिन मागू शकत असे. मग इंजिनात बेसुमार पैसा ओतायची कोणाची हिंमत होईल? पैशापेक्षा हात चालावा म्हणून केलेला इतका साधा, शहाणा नियम मी दुसऱ्या कुठल्याच खेळात पाहिलेला नाही.

माझा स्वतःचा हात या कामात पडला तो शेजारच्या आजोबांमुळे. मी त्यांना आजोबाच म्हणते, आणि त्याचा अर्थ त्यांना सांगितल्यापासून त्यांनाही ते आवडतं. त्यांच्या कोठाराच्या मागे झाडीत १९३०च्या दशकातली फोर्ड कूपे, म्हणजे दोन दारांची मोटार, पडून होती. तळाच्या पत्र्यातून तुतीचं झाड वर आलेलं. दुसऱ्या महायुद्धानंतर अशा जुन्या कूपे भंगाराच्या भावाने मिळत. पोरं काचा काढायची, मडगार्ड काढायची, आत पाइप वाकवून बसवायची आणि थेट ट्रॅकवर. ही गाडी त्यांनी आणि त्यांच्या भावाने पळवली होती. ती पुन्हा चालवायची, असं त्यांच्या मनाने घेतलं होतं. मी म्हटलं, मी येते.

कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात माझ्या बाबांचं लेथ होतं. शाळेतून घरी न जाता मी तिथेच जायची. त्यामुळे ऑइलचा आणि गरम किसाचा वास आला की अजूनही मला घरी आल्यासारखं वाटतं.

गाडीत फोर्डचं फ्लॅटहेड व्ही-८ होतं. हे इंजिन १९३२ साली आलं, ३.६ लिटरचं, ६५ अश्वशक्तीचं. सामान्य माणसाला परवडणारी आठ सिलिंडरची ताकद त्याने पहिल्यांदा आणली. त्याचं दुखणंही ठरलेलं: व्हॉल्व्ह ब्लॉकमध्येच, आणि जळका वायूही ब्लॉकच्या पोटातूनच बाहेर जातो. त्यामुळे ते तापतं, आणि व्हॉल्व्हच्या बैठकीपासून सिलिंडरपर्यंत ब्लॉक तडकतो. आमचं हेड उघडलं, तर डोळ्याला काहीच दिसेना. व्हिडिओ कॉलवर बाबांना दाखवलं.

“अगं, डोळ्यानं काय बघतेस? रॉकेल लाव, पुसून काढ, आणि वर खडूची पूड फास. थांब जरा, मग बघ.”

रॉकेल मिळालं, खडूही मिळाला. दहा मिनिटांत पांढऱ्या पुडीवर केसासारखी ओली रेघ उमटली, तिसऱ्या सिलिंडरच्या व्हॉल्व्हपाशी. आजोबा खाली वाकून कितीतरी वेळ त्या रेघेकडे बघत राहिले. मग त्यांनी फोनच्या दिशेने टोपी उचलली. बाबांनी तिकडून हात जोडले.

“वेल्डिंग नको हं. बीड आहे, ओतीव लोखंड, गार होताना शेजारी तडकेल,” बाबांनी बजावलं. म्हणून गार टाके घातले. भेगेच्या दोन्ही टोकांना भोक पाडायचं, मग भेगेवर भोक, त्यात आटे पाडून पिन कसायची, पुढचं भोक आधीच्या पिनेला थोडं कापत पाडायचं, पुन्हा पिन. अशी साखळी पूर्ण झाली की वरून घासून सपाट करायचं. दोन इंचांच्या भेगेला दोन शनिवार लागले. घाई करायचं हे कामच नाही.

दाराचं काम मात्र मला जन्मभर आठवेल. ओल्या पॉलिश पेपरने रंग उतरवत होते. लाल गेला, खाली पांढरा लागला, पांढऱ्याखाली निळा आणि निळ्यात पिवळ्या आकड्याचं शेपूट. सात. मग अक्षरं: गावातल्या पेट्रोल पंपाचं नाव आणि खाली तीनच आकडी फोन नंबर. आजोबांनी माझं मनगट धरलं. ती अक्षरं त्यांच्या बहिणीने ब्रशने काढली होती. ती गावातल्या दुकानांच्या पाट्या रंगवायची. आम्ही पेपर बाजूला ठेवला. ते दार तसंच आहे, वर फक्त पारदर्शक लेप.

जुन्या रेसिंग गाड्या आरशासारख्या चकचकीत करून मांडणारे पुष्कळ आहेत, त्यांची मेहनतही मोठी असते. पण ज्या गाडीने धक्के खाल्ले तिचे पोचे ठोकून सरळ करणं मला पटत नाही. यांत्रिक भाग नवे हवेत, ब्रेक तर हवेतच, त्यात तडजोड नाही. पत्र्याने मात्र जे सोसलं ते दिसू द्यावं.

ऑगस्टमध्ये आमच्या गावाजवळच्या छोट्या ट्रॅकवर मुख्य शर्यतींआधी जुन्या गाड्यांच्या फेऱ्या होत्या. शर्यत नव्हे, नुसतं चालवून दाखवायचं. आजोबा चालवायला बसले, मी कुंपणाशी उभी. टँकर नुकताच गेला होता. मी माती उचलली, मुठीत दाबली. गोळा वळला, अंगठ्याने मोडला. वाफसा होता. इंजिन पेटलं तेव्हा माझ्या शेजारी उभे असलेले दोन म्हातारे बोलता बोलता थांबले. दुसऱ्या वळणावर आजोबांनी गाडी थोडीशी आडवी टाकली, फार नाही, पण टाकली. चार फेऱ्यांनंतर दारावरचा सात चिखलाने अर्धा झाकला होता.

मी बाबांना व्हिडिओ पाठवला. कोल्हापुरात तेव्हा पहाट होती. तरी पाच मिनिटांत फोन आला. त्यांनी गाडी कशी दिसते ते विचारलं नाही.

“परत लाव बघू. आवाज मोठा कर.” मी लावला. “एक सिलिंडर मागं पडतोय. प्लग काढून बघ उद्या.”

रविवारी सकाळी मी आणि आजोबांनी आठही प्लग काढून ओळीने फडक्यावर मांडले. सात तपकिरी, कोरडे. सहाव्या सिलिंडरचा काळा, तेलकट.