दुसऱ्याची पट्टी

हळदीच्या हंगामात अडत दुकानांसाठीच्या आमच्या सॉफ्टवेअरचं काही बिनसलं की मार्केट यार्डातून कोणीतरी दिवाणजी मोटारसायकल काढून सरळ सांगलीच्या विश्रामबागेतल्या आमच्या ऑफिसात येतो. फोनवर त्यांचं समाधान होत नाही. त्या दिवशीही असेच एक आले. तोलाईची, म्हणजे माल तोलण्याच्या मजुरीची, रक्कम राउंड करताना पट्टीत, म्हणजे शेतकऱ्याला मिळणाऱ्या विक्रीच्या हिशेबाच्या कागदात, पैसे इकडचे तिकडे होत होते. रक्कम किरकोळ, पण शेतकरी पट्टी हातात घेऊन तिथंच उभ्याउभ्या हिशेब करतो आणि तो चुकला की अडत्याची अब्रू जाते. दुसऱ्या दिवशी सकाळी सौदे. त्याआधी दुरुस्ती हवी होती.

दुरुस्ती अवघी दोन ओळींची. आमच्या तासगावच्या पोरानं ती जेवणाआधीच करून टाकली, मर्जसाठी, म्हणजे मुख्य कोडमध्ये मिसळायला, पाठवली, आणि पाइपलाइन, म्हणजे कोड सोडण्याआधीच्या आपोआप तपासण्यांची साखळी, लाल झाली. चाचण्या सगळ्या पास होत्या. अडकलं ते गिटलीक्सच्या टप्प्यावर.

ही पाइपलाइन कशी आली ते थोडक्यात सांगतो. डिसेंबर २०२१ मध्ये लॉगफोरजे या जावाच्या लॉग (नोंदी) लिहिणाऱ्या लायब्ररीचं, म्हणजे आयत्या कोडचं, प्रकरण निघालं. लॉगमध्ये एक विशिष्ट मजकूर गेला की सर्व्हर परक्या ठिकाणाहून कोड आणून चालवणार, अशी ती खोट. तीव्रता दहापैकी दहा. आपल्या कुठल्या प्रोग्रॅममध्ये ही लायब्ररी आहे हे आम्ही हातानं शोधत होतो, आणि आपण न घेतलेली लायब्ररीसुद्धा दुसऱ्या लायब्ररीच्या पाठीवर बसून येते. २.१५.० लावून होतंय तोवर २.१६.० आली, मग २.१७.०, सगळं त्याच महिन्यात. तेव्हाच ठरलं की हे काम माणसानं करायचं नाही. आता गिटलॅबवर, म्हणजे कोड ठेवायच्या सर्व्हरवर, कोड ढकलला की गिटलीक्स पासवर्ड आणि किल्ल्या हुडकतं, सेमग्रेप आमचा स्वतःचा कोड वाचतं, ट्रिव्ही लायब्रऱ्या आणि डॉकर इमेज, म्हणजे प्रोग्रॅमचं बांधलेलं गाठोडं, तपासतं. शेवटी स्टेजिंगवर, म्हणजे चाचणीच्या सर्व्हरवर, झॅप हे चालत्या वेबसाइटमधल्या खोटी शोधणारं साधन एक फेरी मारतं. सुरुवातीला ट्रिव्हीनं एवढी लांब यादी काढली की लोकांनी ती उघडायचंच सोडलं. मग नियम केला: तीव्रता हाय किंवा क्रिटिकल असेल आणि सुधारलेली आवृत्ती उपलब्ध असेल, तरच बिल्ड थांबवायचं. बाकीचं फुरसतीनं. माझ्या मते आमच्या सगळ्या व्यवस्थेतला शहाणपणाचा निर्णय तेवढा एकच.

तर गिटलीक्सला सापडली होती एसएमएस गेटवेची एपीआय-की, म्हणजे निरोप पाठवणाऱ्या सेवेची गुप्त किल्ली. अडत दुकानातून शेतकऱ्याला ‘आपली पट्टी तयार आहे’ हा निरोप जातो, त्याची. पोरानं तपासणीपुरती ती कोडमध्ये लिहिली होती आणि पुढच्याच कमिटमध्ये, म्हणजे कोडच्या पुढच्या नोंदीत, काढून टाकली होती.

“पुसली की मी! आता फायलीत कुठाय?” तो म्हणाला. फायलीत नव्हती, इतिहासात होती. मी त्याला म्हटलं, हरिपूरच्या पेवावर, जमिनीतल्या हळदीच्या कोठारावर, वरून माती लोटली म्हणून आतली हळद संपते का? तो म्हणाला, मग स्क्वॉश करून मर्ज करतो, दोन्ही कमिट एक होतील. पण ब्रँच, म्हणजे कोडची त्याची वेगळी शाखा, आधीच सर्व्हरवर गेली होती, आणि त्या रिपॉझिटरीत, म्हणजे कोडच्या सामायिक साठ्यात, मोबाइल ॲप करणारी बाहेरची मंडळीही होती. कोणाच्या लॅपटॉपवर काय उतरलं असेल ते सांगता येत नव्हतं.

इतक्यात दादा आले. दादा म्हणजे आमचे थोरले भागीदार. यार्डातली निम्मी गिऱ्हाइकं त्यांच्या ओळखीनं आलेली. “आजच्यापुरतं ते तपासणं बंद कर. उद्या बघू.” ते एका ओळीचं काम होतं. त्या टप्प्याला ‘फेल झालं तरी चालेल’ असं लिहिलं की झालं. दादांचं म्हणणं अगदीच चुकीचंही नव्हतं. किल्ली फुटली ती फुटली, पट्टीची दुरुस्ती थांबवून ती परत येणार होती थोडीच? मी म्हटलं, दादा, आज बंद केलं की उद्या चालू करायला कोणी येत नाही. शिवाय त्या किल्लीनं गेटवेवरचे जुने निरोपही वाचता येतात: कुठल्या नंबरवर, कुठल्या दिवशी, किती रकमेची पट्टी. २०१६ मध्ये उबरची ५ कोटी ७० लाख लोकांची माहिती गेली तेव्हा चोरांना गिटहबवरच्या कोडमध्येच क्लाउडची किल्ली मिळाली होती. दादांना उबरचं काही पडलेलं नव्हतं. पण कोणाच्या मालाला किती पैसे आले हे यार्डात फुटलं तर काय होतं, ते त्यांना माझ्यापेक्षा जास्त कळतं. “कर मग, पण आज सोडायचंय,” एवढं म्हणून ते खुर्ची ओढून तिथंच बसले.

आमच्या गेटवेवर दोन किल्ल्या एका वेळी चालतात, म्हणून बरं. नवी काढली आणि गिटलॅबच्या व्हेरिएबलमध्ये झाकून ठेवली. अडचण निघाली ती वेगळीच. काही जुन्या दुकानांतला डेस्कटॉप प्रोग्रॅम अजून थेट गेटवेशी बोलत होता, जुन्या किल्लीनं. ती मारली असती तर तिथले निरोप बंद. शेवटी तासगावच्या पोरालाच यार्डात पिटाळलं, दुकानं फिरून सेटिंग बदलायला. परत आला तेव्हा शर्टाच्या बाह्या हळदीनं पिवळ्या झाल्या होत्या.

तो यायची वाट बघत असताना टेस्टिंग करणारी मिरजेची मुलगी स्टेजिंगवर तोलाईचे हिशेब ताडून बघत होती. दोन खोटी दुकानं, दोन खिडक्यांत लॉगिन. पट्टी शोधायचा कंटाळा आला म्हणून तिनं वेब-पत्त्यातला पट्टीचा नंबर हातानं बदलला. पट्टी उघडली, पण दुसऱ्या दुकानाची. शेतकऱ्याचं नाव, मोबाइल, वजन, दर, सगळं.

“सर, हे असंच आहे का?” तिनं विचारलं. आणि हे लाइव्हवरही, म्हणजे गिऱ्हाइकं वापरतात तिथंही, तसंच होतं. ज्या टप्प्यांनी दुपारपासून आम्हाला अडवून धरलं, त्यातल्या एकालाही हे दिसलं नव्हतं. सेमग्रेपला क्वेरी, म्हणजे डेटाबेसकडची मागणी, नीट बांधलेली दिसते. झॅपची बेसलाइन फेरी पानं चाळते आणि येणाऱ्या उत्तरांवरून अंदाज बांधते. ही पट्टी कोणाची, हे त्यांना कुणी सांगितलेलंच नसतं. ओवास्प या वेब-सुरक्षेवर काम करणाऱ्या संस्थेच्या २०२१ च्या धोक्यांच्या यादीत हा प्रकार, म्हणजे कोणाला काय बघायची परवानगी आहे ते नीट न तपासणं, पहिल्या नंबरावर आहे, तो उगाच नाही.

दादांचा पहिला प्रश्न होता, “कुणी बघितलं असेल का?” मग लॉग काढले. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा यंत्रणेच्या एप्रिल २०२२ च्या निर्देशांत १८० दिवसांचे लॉग ठेवायला सांगितलंय, आणि त्यांच्या यादीतली घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत कळवायचीही सक्ती आहे. लॉग साठवायला डिस्क घेतली तेव्हा खर्चावरून दादाच कुरकुरले होते. लॉगिनचं दुकान आणि उघडलेल्या पट्टीचं दुकान यांची जोडी लावून बघितली. न जुळणाऱ्या नोंदी सगळ्या आमच्याच सपोर्टच्या निघाल्या. दादांनी तेव्हा कुठं चहा मागवला. आता तेच म्हणायला लागले, हे मिटल्याशिवाय काही सोडू नका.

दुरुस्तीआधी आम्ही चाचणी लिहिली: पहिल्या दुकानानं लॉगिन करायचं, दुसऱ्याची पट्टी मागायची, उत्तर ४०४, म्हणजे ‘सापडलं नाही’, आलं पाहिजे. जुन्या कोडवर ती लाल झाली, म्हणजे चाचणी खरी होती. क्वेरीत दुकानाची अट घातली, हिरवी झाली. मग त्या मुलीनं विचारलं, पीडीएफचं काय? पीडीएफ वेगळ्या वाटेनं तयार होत होती आणि त्या वाटेवर कोणी राखणदारच नव्हता. पुन्हा लाल. निरोपातल्या लिंकचंही तेच. असं करत रात्र झाली. जुनी किल्ली मारली, मगच गिटलीक्सच्या त्या एका नोंदीला कारण लिहून सूट दिली. पाइपलाइन हिरवी झाली आणि तोलाईच्या त्या दोन ओळी एकदाच्या लाइव्हवर गेल्या. सकाळच्या सौद्यात पट्ट्या बरोबर निघाल्या. दिवाणजींना बाकीच्या भानगडीचा पत्ता नव्हता. अडत्यांना मात्र दादांनी स्वतः जाऊन सगळं सांगितलं. दोघं चिडले, एकानं नुसतं “आता झालं ना?” विचारलं.

पत्त्यात नंबर येणारी कुठलीही नवी स्क्रीन आता दोन दुकानांच्या चाचणीशिवाय मर्ज होत नाही. गिटलीक्स तर आता लॅपटॉपवरच कमिटच्या आधी चालतं. तासगावच्या पोराची तक्रार आहे की स्क्रीनपेक्षा चाचणीच लांब होते. होतेच. त्याचा जास्तीचा वेळ गिऱ्हाइकाच्या बिलात कसा धरायचा, यावर माझं आणि दादांचं अजून जमलेलं नाही.