भिजलेलं दप्तर उन्हात घालू नका

सांगलीत इर्विन पुलाशी कृष्णेची धोक्याची पातळी 45 फूट. ऑगस्ट 2019 मध्ये पाणी 57 फुटांवर गेलं. घरात पाणी शिरायला लागलं की गाद्या आणि धान्य आधी वर जातं, दप्तराची, म्हणजे जुन्या कागदपत्रांच्या आणि पोथ्यांच्या गठ्ठ्यांची, आठवण सगळ्यात शेवटी होते. आणि पूर ओसरला की तेच दप्तर गच्चीवर उन्हात पसरतात. पुरापेक्षा जास्त नुकसान तिथे होतं.

जुना हातकागद खळ लावून, गोट्याने घोटून गुळगुळीत केलेला असतो. शाई काजळीची, डिंकात खललेली. काजळी पाण्यात विरघळत नाही, डिंक आणि खळ मात्र सैल होतात. त्यामुळे ओली पानं एकमेकांना धरतात आणि कडक उन्हात भरभर वाळली की त्यांची वीट होते. ती सोडवताना एका पानावरची अक्षरं दुसऱ्या पानावर निघून येतात.

म्हणून गठ्ठा ओला असताना उलगडायचा नाही. चिखल असेल तर गठ्ठा घट्ट धरून वरवर स्वच्छ पाणी सोडा, चोळू नका. गठ्ठा बांधलेला लाल रुमाल मात्र लगेच काढा, त्याचा रंग पानांत उतरतो. मग पंख्याच्या वाऱ्यात, सावलीत, खाली-वर टीपकागद घालून ठेवा आणि टीपकागद भिजला की बदला. पानं आपणहून सुटतील तेवढीच सोडवा. आपल्या हवेत दोन दिवसांत बुरशी धरते. गठ्ठे जास्त असतील आणि हात कमी, तर प्लास्टिकच्या पिशवीत घालून डीप फ्रीझरमध्ये ठेवून द्या. बुरशी थांबते, सवड मिळते. नंतर एकेक गठ्ठा बाहेर काढून वाळवता येतो.

पोथीची पानं सुटी असतात, पण क्रम हरवायचं कारण नाही. पानाच्या मागच्या बाजूला समासात आकडा असतो, बऱ्याचदा ग्रंथनामाची आद्याक्षरंही. मोडी कागदांत जोड बघा. लांब कागद तुकडे चिकटवून केलेला असतो आणि ओलीने आधी तोच जोड सुटतो. सुटलेले तुकडे एकाच पाकिटात ठेवा.

पानावर पिवळे ठिपके दिसले तर ती बुरशीच असेल असं नाही. लेखनिक चुकलेल्या अक्षरांवर हरताळ, म्हणजे एक पिवळं खनिज, लावून वर पुन्हा लिहीत. ‘हरताळ फासणे’ हा वाक्प्रचार तिथूनच आला. हरताळात सोमल (आर्सेनिक) हे विष असतं, तेव्हा बोटाला थुंकी लावून पोथीची पानं उलटू नयेत.

दुरुस्तीला चिकटपट्टी आणि फेविकॉल नको. लॅमिनेशन तर मुळीच नको, ते पुन्हा काढता येत नाही. फाटलेल्या जागी जपानी टिश्यू (पातळ, चिवट कागद) आणि गव्हाच्या सत्त्वाची पातळ खळ पुरते, कारण पाण्याचा हात लावला की ती सुटते. ही खळ कसरीलाही आवडते, म्हणून थोडीच लावावी.

ठेवण्याच्या जागेचं म्हणाल तर जुन्या वाड्यांतली मधली, वारा खेळणारी खोली आजच्या बंद लोखंडी कपाटापेक्षा बरी. पावसाळ्यात कपाटाच्या पत्र्यावर आतून घाम येतो. कपाट भिंतीपासून चार बोटं पुढे ओढा आणि सगळ्यात खालचा कप्पा रिकामा ठेवा. वेखंडाची पुरचुंडी ठेवायला हरकत नाही, पण ओल असेल तर तिचा उपयोग नाही.

‘घरातली बाडं, त्यात काय असणार?’ असं म्हणणाऱ्यांसाठी: इतिहाससंशोधक वि. का. राजवाडे यांनी 1898 मध्ये छापलेला ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधनें’चा पहिला खंड वाईला मिळालेल्या कागदांवर उभा आहे. वासुदेवशास्त्री खऱ्यांनी मिरजेत बसून पटवर्धनी दप्तरातली पत्रं छापली. तेव्हा पाकिटावर निदान सालाची नोंद तरी करा. शक असेल तर इसवी सनासाठी 78 मिळवा. ‘खमस खमसैन मया व अलफ’ असं काही असेल तर तो अरबी आकड्यांत लिहिलेला सुहूर सन (जुन्या मराठी कागदांतली एक कालगणना) 1155, त्यात 599 मिळवले की 1754. हे साल मृगाला बदलतं, म्हणून पुढच्या जानेवारीपासून मृगापर्यंतच्या कागदाला 600 मिळवायचे. नोंद पेन्सिलीने, आणि पाकिटावरच.