तळ अखेर गार राहिला: टाकीतील थर आणि रात्रीचे उलटे अभिसरण

माझ्या हीट पंपाच्या (हवेतली उष्णता ओढून पाणी तापवणाऱ्या यंत्राच्या) टाकीत डिफ्यूझर, म्हणजे आत येणाऱ्या पाण्याचा जोर मोडणारा भाग, बसवल्यानंतरही सकाळपर्यंत तिचा तळ कोमट का होतो, हा मागच्या नोंदीत अनुत्तरित राहिलेला प्रश्न आता सुटला आहे. संध्याकाळचा वापर झाल्यावर २०० लिटरच्या टाकीत वरचे साधारण १०० लिटर पाणी ५५ अंशांना आणि खालचे २१ अंशांना राहते, आणि काल प्रथमच हे चित्र रात्र उलटेपर्यंत जवळजवळ जसेच्या तसे टिकले. कॉम्प्रेसर मी दुपारच्या उबदार हवेतच चालवतो, त्यामुळे रात्रभर टाकी नुसती उभी असते. या उभ्या टाकीतच सगळी गळती दडलेली होती.

पहिला संशय अर्थातच इन्सुलेशनवर होता, पण गणित जुळत नव्हते. टाकीचा तापलेला अर्धा भाग सुमारे एक चौरस मीटरचा आहे आणि त्यावर ५० मिलिमीटर पीयूएफ (उष्णतारोधक फोम) आहे; त्याची उष्णतावाहकता ०.०२५ धरली, तर ३५ अंशांच्या फरकाला १७-१८ वॅट बाहेर जायला हवेत, म्हणजे दहा तासांत ०.१८ युनिट. प्रत्यक्षात टाकीच्या सहाही तापमान-सेन्सरांची सरासरी तीन अंशांनी उतरत होती, आणि २०० लिटर पाण्यासाठी याचा अर्थ ०.७ युनिट होतो. दुसरा संशय टाकीच्या पत्र्यावर होता. माइल्ड स्टीलच्या जाड पत्र्यातून उष्णता खाली उतरते आणि थर्मोक्लाइन (गरम आणि गार थरांमधला सीमापट्टा) पसरते, हे खरेच आहे. किंबहुना अशा टाकीत पाण्यापेक्षा पत्राच जास्त उष्णता वाहून नेतो. पण माझी टाकी पातळ स्टेनलेसची आहे, आणि मुख्य म्हणजे उष्णता टाकीतल्या टाकीत वरून खाली गेली तर सरासरी बदलण्याचे कारण नाही. सरासरी उतरते आहे, त्याअर्थी उष्णता टाकी सोडून कुठेतरी जात होती.

ती कुठे जाते हे पाइपवर बांधलेल्या दोन जादा सेन्सरांनी दाखवले. पंप बंद होऊन कित्येक तास झाले, तरी टाकीच्या वरच्या तोंडापासून बाहेरच्या प्लेट एक्स्चेंजरकडे (जेथे यंत्राची उष्णता पाण्याला मिळते) जाणारा पाइप तापलेला होता आणि एक्स्चेंजरपासून तळाच्या तोंडाकडे येणारा पाइप ४० अंशांच्या आसपास होता. म्हणजे एक्स्चेंजरमधले पाणी गार होऊन जड होत होते, खाली बसत होते आणि वरून गरम पाणी ओढून घेत होते. थर्मोसायफनचे (पंपाशिवाय, केवळ घनतेच्या फरकाने होणारे) सरळ अभिसरण, फक्त पंपाच्या उलट दिशेने. जास्तीच्या ०.५ युनिटवरून हिशोब केला तर मिनिटाला ५० मिलिलिटरच्या आसपास प्रवाह निघतो. हा आकडा दिसायला क्षुल्लक आहे, पण दहा तासांत त्यातून ३० लिटर होतात. वरचे ३० लिटर ५५ अंशांचे पाणी ४० अंशांचे होऊन तळात मिसळते, तळ २१ वरून २५ च्या आसपास चढतो आणि सकाळी १०० लिटरऐवजी ७० लिटरच खरे गरम पाणी हाती लागते. अर्ध्या युनिटचे मला तितकेसे वाटत नाही. खरे नुकसान या ३० लिटरचे आहे.

या मार्गावर एनआरव्ही (पाणी एकाच दिशेने जाऊ देणारा व्हॉल्व्ह) आहेच, मग उलटा प्रवाह होतो कसा, असे आपल्यापैकी कुणीही विचारील. पुरवठादाराने दिलेला व्हॉल्व्ह झडपेचा होता आणि तो कोणताही उलटा प्रवाह अडवतो, असे ठामपणे सांगण्यात आले होते. पण ५५ अंशांच्या पाण्याची घनता घनमीटरला सुमारे ९८६ किलो असते आणि २१ अंशांना सुमारे ९९८. एक मीटर उंचीच्या स्तंभाला हा फरक १२० पास्कलच्या आसपास दाब देतो, म्हणजे पाण्याच्या जेमतेम १२ मिलिमीटर उंचीइतका. आडव्या पाइपमधली पितळी झडप इतक्या दाबाने बैठकीवर घट्ट बसतच नाही. हलक्या स्प्रिंगचा एनआरव्ही मात्र उघडायलाच याच्या कित्येक पट दाब मागतो, त्यामुळे तो बसवताच तळाचे चढणे थांबले. पंपावर थोडा भार वाढला, तो चालण्यासारखा आहे.

गंमत अशी की एवढ्यानेही सरासरी पूर्ण सावरली नाही आणि वरच्या तोंडाजवळचा सुमारे मीटरभर पाइप तापलेलाच राहिला. आडव्या पाइपच्या वरच्या अर्ध्यातून गरम पाणी बाहेर सरकत होते आणि खालच्या अर्ध्यातून गार होऊन परत येत होते; एकाच पाइपात दोन्ही दिशा असल्यामुळे एनआरव्हीचा येथे उपयोग नव्हता. यावर उपाय जुनाच आहे: पाइप टाकीतून निघताच ३० सेंटिमीटर खाली वळवायचा आणि मग पुढे न्यायचा. हलके गरम पाणी खाली उतरत नाही आणि वळणात गार झालेले जड पाणी वर चढत नाही. वळण बसवल्यापासून त्याच्या पुढचा पाइप हाताला गार लागतो आणि रात्रीची घट ०.२ युनिटवर आली आहे. टाकी विकणारे हे वळण जोडणीच्या नकाशात का दाखवत नाहीत, हे मला न उलगडलेले कोडे आहे.

गार तळाचा दुसरा फायदा सीओपीत, म्हणजे एका युनिट विजेमागे पाण्याला किती युनिट उष्णता मिळते या आकड्यात, दिसतो. यंत्रात फिरणारा शीतक वायू आर१३४ए द्रव होऊन बाहेर पडताना त्याला २१ अंशांचे पाणी भेटले, तर भरपूर सबकूलिंग (द्रव झाल्यावर आणखी गार होणे) मिळते आणि सुरुवातीला संघननाचा, म्हणजे वायूचा द्रव होण्याचा, दाबही खाली राहतो. सुरुवातीच्या तासाचा सीओपी ३.२ वरून ३.५ च्या घरात गेला आहे.

येथून पुढे पंपाचा वेग बदलून पाणी एक्स्चेंजरमधून एकाच फेरीत २१ वरून ५५ ला न्यायचे ठरले होते. यंत्राच्या दोन किलोवॅट उष्णतेला त्यासाठी मिनिटाला ०.८४ लिटर प्रवाह लागतो. माझ्याजवळचा वायएफ-एस२०१ हा फ्लोमीटर (प्रवाहमापक) मिनिटाला १ ते ३० लिटरांसाठीच आहे, म्हणून या टप्प्यात मी बादली, वजनकाटा आणि घड्याळ यांवरच विश्वास ठेवतो. परंतु हे लिहिता लिहिताच बेत बदलतो आहे. एका फेरीत ५५ हवे असेल, तर पहिल्या मिनिटापासून संघनन उंच तापमानाला ठेवावे लागते. शिवाय इतक्या मंद प्रवाहात प्लेटांमधले उष्णतावहन मंदावते. बाष्पीभवन १० अंशांना धरले, तर कार्नोची मर्यादा (सीओपीची सैद्धांतिक कमाल) ५० अंशांच्या संघननाला ८.१ असते आणि ६० अंशांना ६.७ वर येते. कार्बन डायऑक्साइडच्या यंत्रांना एकफेरी पद्धतच मानवते, कारण तेथे वायू क्रांतिक बिंदूच्या (ज्याच्या वर वायूचा द्रव होत नाही) वर राहून लांबलचक तापमानपट्ट्यातून उतरत जातो. आर१३४ए ला हे लागू नाही. उलट दर फेरीला सातच अंशांची वाढ ठेवली, तर मिनिटाला चार लिटरांहून थोडा अधिक प्रवाह टाकीतले थर ढवळून टाकतो.

तेव्हा मधला मार्ग असा सुचतो आहे: हीटिंग एलिमेंटसाठी टाकीच्या मध्यावर जे तोंड मोकळे आहे, तेथे थ्री-वे व्हॉल्व्हमधून परतीचे पाणी सोडायचे, ते ४५ अंशांच्या खाली असेपर्यंत वरच्या गरम थराला हात लावायचा नाही आणि शेवटच्या टप्प्यातच वरचे तोंड उघडायचे. यात खालचा अर्धा भाग कमी दाबावर तापेल आणि वरचा साठा शाबूत राहील. लिजिओनेला या रोगकारक जिवाणूची वाढ २० ते ४५ अंशांच्या पट्ट्यात होत असल्याने अधूनमधून संपूर्ण टाकी ६० अंशांना नेणे सोडता येणार नाही, आणि एलिमेंटचे तोंड असे वापरले तर ते काम कॉम्प्रेसरलाच करावे लागेल. ६० अंशांना तो किती दाबावर जातो हे आधी पाहणार आहे. व्हॉल्व्ह मोटरचा बॉल प्रकारचा घ्यायचा आहे, कारण स्लाइड प्रकारात बंद बाजूने झिरप राहते आणि एवढ्या झिरपीने काय होते ते वर आलेच आहे. मधल्या तोंडाच्या पाइपलाही तेच ३० सेंटिमीटरचे वळण देईन. त्यासाठी बाहेरचे आवरण थोडे कापावे लागेल.